शेळीचं रक्त मरीआईला की प्रयोगशाळेला?

बळी कुणाचा देतात, बोकडाचा की सिंहाचा, हे वाक्य दर 14 एप्रिलला आपल्या प्रत्येक व्यासपीठावरून ऐकू येतं. बाबासाहेबांच्या नावाने सांगितलं जाणारं हे वाक्य आपल्या पोरांना तोंडपाठ आहे. ते टी-शर्टवर आहे, डीजेच्या गाडीवर आहे, व्हॉट्सअॅपच्या डीपीवर आहे. आपण सिंह व्हायचं ठरवलं, चांगलंच केलं. पण त्या व्यासपीठासमोर सतरंजीवर बसलेल्या आयाबायांच्या दारात खरोखरची शेळी बांधलेली आहे. तिचं काय, हा प्रश्न मी आजवर एकाही वक्त्याच्या तोंडून ऐकला नाही. त्या वक्त्यांत मीही आलो. दहा वर्षं भाषणं ठोकतोय.

म्हणून हा लेख शेळीवर, आणि त्यातही शेळीच्या रक्तावर. हसू येत असेल तर आधी हसून घ्या.

मुरुडच्या एका वस्तीत माझं जाणंयेणं आहे. तिथल्या एका मावशीकडे सहा शेळ्या होत्या. काळ्याभोर, लांब कानाच्या, आपल्या उस्मानाबादी. (जिल्ह्याचं नाव बदलून धाराशिव झालं, शेळीचं नाव बदलायचं अजून कुणाला सुचलेलं नाही, हे तिचं नशीब.) मावशीला जमीन नाही. हंगामात सोयाबीन काढायला जायचं, एरवी बांधाबांधानं शेळ्या चारायच्या. घरातल्या चहाचं दूध त्याच शेळ्यांचं. पोराच्या नर्सिंगच्या प्रवेशाला दोन बोकड गेले होते. ते पोरगं आज पुण्यात नोकरीला आहे आणि शेळ्यांचा विषय निघाला की मान खाली घालतं.

मागच्या हिवाळ्यात तीन आठवड्यांत तिच्या तीन शेळ्या गाभडल्या. शेळीचं गाभणपण पाच महिन्यांचं. चौथा महिना सरत आला की एकेकीनं मेलेलं करडू टाकलं. दोघींचा जार अडकला, तो मावशीनं हातानं ओढून काढला. हातमोजे कुठले? मेलेली करडं उकिरड्यावर गेली, तिथून कुत्र्यांनी नेली. पुढे मावशीलाच ताप यायला लागला. ताप यायचा, जायचा. रात्री घामानं गोधडी भिजायची, कंबर आणि गुडघे धरायचे. डॉक्टर म्हणाला टायफाईड. सलाईन लागलं, सुया झाल्या, पुन्हा ताप. शेजारणी म्हणाल्या करणी आहे. एक म्हातारी म्हणाली, "मरीआईचं काहीतरी राहिलंय बाई तुझं. एक बोकड कबूल कर." घरात बुद्ध आणि बाबासाहेबांची तसबीर, रोज वंदना. तरी मावशी मला विचारते, "काय करूलालाव रे आमी चुकीचं? तूच सांग."

गाभडलेल्या तिन्ही शेळ्या तिनं बाजारात पडेल त्या भावाला विकल्या. कुणी घेतल्या असतील? तिच्यासारख्याच दुसऱ्या कुठल्या तरी बाईनं.

मावशीच्या शेळ्यांना ब्रुसेलोसिस होता आणि तोच मावशीला झाला, असं मी म्हणणार नाही. मी डॉक्टर नाही, समाजशास्त्राचा एम.ए. आहे. माझी तक्रार एवढीच की तीन शेळ्या, एक बाई आणि पाच-सहा महिने एवढा खर्च झाला आणि त्यात कुणीही, कुठल्याही टप्प्यावर, एक थेंब रक्त या रोगासाठी तपासलं नाही. शेळीचंही नाही, बाईचंही नाही.

आता ही तपासणी म्हणजे काय ते बघा, कारण आपल्याला वाटतं की हे फार मोठ्या विज्ञानाचं काम असेल. शेळीच्या मानेच्या शिरेतून चार-पाच मिली रक्त घ्यायचं. ते साध्या कुपीत थोडं तिरपं ठेवलं की गोठतं आणि वर पिवळसर पाणी सुटतं. त्याला रक्तजल म्हणतात. शरीरात रोगजंतू शिरला की त्याच्याशी लढायला शरीर जी प्रतिद्रव्यं तयार करतं, ती या रक्तजलात असतात. काचेच्या पट्टीवर रक्तजलाचा एक थेंब आणि मेलेल्या ब्रुसेला जंतूंच्या गुलाबी द्रावणाचा एक थेंब एकत्र करून पट्टी हलवत राहायची. चार मिनिटं. गुलाबी दाणे जमले तर शेळीची त्या जंतूशी गाठ पडलेली आहे, नाही जमले तर बहुधा नाही. याला रोझ बंगाल चाचणी म्हणतात. ती कधी चुकतेही. खरा रोगी सुटतो, कधी निरोगी अडकतो. म्हणून शंका आली तर एलायझा नावाच्या चाचणीनं खात्री करतात. पीपीआर, म्हणजे शेळ्यांचा प्लेग, आणि शेळीला आतून खंगवणारा जोन्स रोग यांच्याही रक्तावरच्या चाचण्या आहेत. यातलं काहीही चंद्रावर जाण्याइतकं अवघड नाही. आपल्या वस्त्यांतून डीएमएलटी केलेली पोरं गल्लीगल्लीत आहेत, त्यांना हे दोन ओळींत कळेल.

आणि हे नवीन तर अजिबात नाही. शेळीचं रक्त तपासून माणसाच्या तापाचं कारण सापडलं त्याला एकशेवीस वर्षं झाली. ही गोष्ट आपल्या चळवळीनं नीट वाचावी अशी आहे.

भूमध्य समुद्रात माल्टा नावाचं बेट आहे. तेव्हा ते ब्रिटिशांच्या ताब्यात होतं. तिथल्या गोऱ्या सैनिकांना एक विचित्र ताप यायचा, महिनोन्‌महिने चढायचा-उतरायचा. 1887 मध्ये डेव्हिड ब्रूस नावाच्या लष्करी डॉक्टरनं मेलेल्या सैनिकांच्या प्लीहेतून त्याचा जंतू शोधला. पण तो येतो कुठून हे पुढची अठरा वर्षं कळेना. पाणी, हवा, डास, सगळ्यांवर संशय घेऊन झाला. शेळ्यांवर कुणाचा संशय नव्हता, कारण त्या दिसायला ठणठणीत होत्या. त्या दारोदार फिरवून समोर दूध काढून दिलं जायचं, म्हणजे दूध ताजं आणि भेसळ नाही याची खात्री. 1905 मध्ये थेमिस्टोक्लिस झॅमिट या डॉक्टरनं काही शेळ्यांचं रक्त तपासलं. तो माल्टाचाच, म्हणजे तिथला 'नेटिव्ह'. शेळ्या धडधाकट, आणि रक्त सांगतंय की जंतूची ओळख जुनी आहे. मग दुधातही जंतू सापडला. त्याच वर्षी माल्टाच्या शेळ्या भरून अमेरिकेकडे निघालेल्या 'जोशुआ निकल्सन' या जहाजावर ज्या खलाशांनी कच्चं दूध प्यायलं, ते तापानं पडले.

पुढे काय झालं? 1906 मध्ये ब्रिटिश फौजेचं शेळीचं दूध बंद केलं गेलं. फौजेतला ताप बघता बघता ओसरला. साम्राज्याचा प्रश्न सुटला. आणि माल्टाच्या सामान्य माणसाचं काय? तो तेच दूध पीत राहिला, कारण त्याला दुसरं परवडत नव्हतं, आणि शेळीवाल्याचं पोटही त्याच दुधावर होतं. बेटावर दूध निर्जंतुक करून विकायची सोय 1938 मध्ये सुरू झाली. बत्तीस वर्षं! विज्ञान तेच, रोग तोच, शेळी तीच. फक्त कुणाच्या तापाला किंमत आहे हे वेगळं. जात ही फक्त हिंदुस्थानात असते असं ज्यांना वाटतं त्यांनी माल्टाकडे बघावं. आणि आपल्याकडे तर जात आहेच, वर हेही आहे.

कारण आपल्याकडचा हिशेब बघा. 11 सप्टेंबर 2019 ला मथुरेत पंतप्रधानांनी राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. रक्कम बारा हजार कोटींच्या वर, रोग दोन: लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेलोसिस. लाळ्या-खुरकूतच्या लशीत शेळ्या-मेंढ्याही धरल्या. पण ब्रुसेलोसिसची लस कुणाला? गाई-म्हशींच्या 4 ते 8 महिन्यांच्या मादी वासरांना. शेळी बाहेर. आता ब्रुसेला जंतूच्या जातींपैकी माणसाला सगळ्यात जास्त छळणारी जात कुठली? ब्रुसेला मेलिटेन्सिस. माल्टाचं जुनं नाव मेलिटा, त्यावरून. तिचं मुख्य घर शेळी आणि मेंढी. म्हणजे माणसासाठी जास्त धोक्याचा जंतू जिच्यात, ती कार्यक्रमाबाहेर. कुणी म्हणेल गाईची लस शेळीला चालत नाही. मान्य. पण शेळ्या-मेंढ्यांसाठी रेव्ह-1 नावाची वेगळी लस जगात कित्येक दशकं वापरात आहे. आणि लस नसेल तर तपासणी तरी करा! लस नाही आणि तपासणीही नाही, याला धोरण म्हणत नाहीत.

पीपीआरचं म्हणाल तर तिथे सरकारचं थोडं कौतुक करायला हवं. हा रोग भारतात 1987 मध्ये तमिळनाडूतल्या अरासूरला पहिल्यांदा नोंदला गेला. त्यावरच्या लशी आपल्याच शास्त्रज्ञांनी बनवल्या आणि त्या शेळ्यांना मिळतात. पण लस टोचली आणि लस लागली यात फरक आहे. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात, वीज गेलेल्या फ्रीजमधून, मोटारसायकलच्या डिकीतून आलेली लस वस्तीपर्यंत जिवंत पोचली का, हे रजिस्टर सांगत नाही. लसीकरणानंतर काही शेळ्यांचं रक्त तपासलं तर कळतं. जगातून बुळकांडीचा रोग 2011 मध्ये संपला. त्यात लशीइतकाच वाटा गावोगावच्या जनावरांच्या रक्ततपासणीचा होता. म्हणजे या देशाला हे जमतं. गाई-बैलांसाठी जमलेलं आहे.

गाईशी माझं भांडण नाही. लाल कंधारी आणि देवणी ही आपल्याच मातीतली जनावरं, त्यांचा मला अभिमान आहे. पण 30 सप्टेंबर 2024 ला महाराष्ट्र सरकारनं देशी गाईला 'राज्यमाता-गोमाता' जाहीर केलं आणि गोशाळेतल्या गाईमागे दिवसाला 50 रुपये अनुदान ठरवलं. दूध न देणाऱ्या, गोशाळेत बसलेल्या गाईला रोज पन्नास. आणि 'गरिबाची गाय' म्हणून जिच्यावर निबंध लिहिले जातात, तिच्यासाठी चार मिनिटांची चाचणीही वस्तीत येत नाही. ही तुलना कुणाला राजकीय वाटत असेल तर ती राजकीयच आहे. गांधींनी गाई-म्हशीचं दूध सोडून शेळीचं घेतलं, तर ती शेळी इतिहासाच्या पुस्तकात गेली. आपल्या मावशीची शेळी ना पुस्तकात आहे ना लसीकरणाच्या यादीत.

आता आपल्या नावानं येणाऱ्या योजनेकडे या. दहा शेळ्या आणि एक बोकड असा गट राज्य सरकार देतं. अनुसूचित जाती-जमातींना 75 टक्के अनुदान, सर्वसाधारणला 50. उस्मानाबादी गटाचा हिशेब 1,03,545 रुपयांचा: शेळी 8,000 ची, बोकड 10,000 चा आणि उरलेला विमा. म्हणजे शेळी मेल्यावर काय करायचं याची तरतूद साडेतेरा हजारांची आहे. ती मरू नये, गाभडू नये म्हणून आणण्याआधी रक्त तपासण्याचा रकाना त्या हिशेबात नाही. बाजारातून, कुठकुठल्या कळपातून गोळा केलेल्या शेळ्या एका वस्तीत उतरवल्या की त्यांच्याबरोबर काय उतरतं याची फिकीर कुणाला? सहा महिन्यांनी गट मोडतो. मग कार्यालयात, पारावर एकच वाक्य: "यांना कितीबी द्या, सांभाळता येत नाही." रोगाचा दोष जातीवर टाकण्याची ही पद्धत फार जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात उत्तर हिंदुस्थानात साथीनं गुरं मरायला लागली की चामारांवर आळ यायचा, हे कातड्यासाठी विष घालतात म्हणून. पोलीस वस्तीवर जायचे. रक्ततपासणी नव्हती तेव्हा जातच पुरावा होती. आज तपासणी आहे, तरी ती न करता निकाल मात्र जातीवरच लागतो.

मरीआईचं प्रकरणही यातलंच. पटकी आली, देवी आल्या, गुरं मेली, की गावानं मरीआईचा गाडा काढायचा, पोतराजानं स्वतःवर आसूड ओढायचे, बोकड कापायचा आणि रोग शिवेपार न्यायचा. रोग सगळ्या गावाचा, आसूडाचे वळ मात्र आपल्या माणसाच्या अंगावर. 1956 ला आपण ते सगळं नाकारलं. पण नाकारलेल्या जागी काहीतरी ठेवावं लागतं. मावशीनं बोकड कबूल करू नये असं मला वाटत असेल, तर तिच्या "मग शेळ्या का गाभडल्या?" या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे असायला हवं. 'अंधश्रद्धा सोडा' एवढं सांगून निघून येणं सोपं आहे, मी ते पुष्कळदा केलं आहे. तिच्या प्रश्नाचं उत्तर फक्त त्या शेळीच्या रक्तात होतं आणि ती शेळी बाजारात गेली.

एक अडचण मात्र मी लपवणार नाही, कारण ती मला वस्तीतल्याच एका बाईनं तोंडावर विचारली. "तपासलं आन् रोग निगाला तर? माजी शेळी मारणार का तुमी?" याचं उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं. ब्रुसेलोसिस झालेल्या शेळीवर उपचार करत बसणं व्यवहारात जमत नाही. ती कळपातून काढावीच लागते. आठ-दहा हजारांची शेळी काढायची आणि हातात काही नाही, तर कुठलीही शहाणी बाई सुई जवळ येऊ देणार नाही. गुपचूप बाजार गाठेल. मावशीनं तेच केलं. तिला बेजबाबदार म्हणणाऱ्यांनी आधी आपला एक महिन्याचा पगार उकिरड्यावर टाकून दाखवावा. म्हणून मागणी अर्धी करून चालणार नाही. तपासणी फुकट, आणि काढलेल्या शेळीची बाजारभावानं भरपाई, तीही पंधरा दिवसांत. भरपाईशिवाय तपासणी म्हणजे गरिबावरची आणखी एक धाड. चळवळीनं तिला विरोधच करावा.

आपल्या तरुणांशीही थोडं भांडायचंय. शेळ्या राखणं सोडा, शाळेत जा, हे आपल्याला बरोबर शिकवलं गेलं. पण शाळेत गेलेल्यानं शेळीची लाज बाळगावी असं कुणी शिकवलं नव्हतं. आपल्यातल्या कितीजणांच्या परीक्षेचे फॉर्म बोकडाच्या पैशांनी भरले गेले, प्रामाणिकपणे मोजा. गायरानाच्या लढ्यात दादासाहेब गायकवाडांपासून आपली माणसं तुरुंगात गेली. ती जमीन ज्यांच्या पोटासाठी मागितली त्यांची जनावरंही त्यातच आली. जमिनीचा प्रश्न राजकीय आणि शेळीच्या तापाचा प्रश्न 'पशुसंवर्धन खात्याचा', ही वाटणी कुणी केली?

करता काय येईल? 2009 चा एक केंद्रीय कायदा आहे, जनावरांच्या संसर्गजन्य रोगांच्या प्रतिबंधाचा. ब्रुसेलोसिस आणि पीपीआर दोन्ही त्याच्या यादीत आहेत. यादीतल्या रोगाचा संशय आला तर जनावर सांभाळणाऱ्यानं, मग तो मालक असो, संस्था असो की ग्रामपंचायत, ते कळवणं या कायद्यानं बंधनकारक आहे. आतापर्यंत हे कलम आपल्यावरचं ओझं म्हणून पाहिलं गेलं. ते उलटं धरा. वस्तीत दोन शेळ्या गाभडल्या की लेखी कळवा, पोच घ्या, तारीख टाका. एकटी बाई गेली तर "बघू" म्हणून परत पाठवतात. मी हे डोळ्यांनी पाहिलंय. तीस शेळ्यांची यादी घेऊन आठ बाया गेल्या की पशुधन विकास अधिकाऱ्याला खुर्चीतून उठावं लागतं. रक्त काढायचं काम त्यांच्याच माणसाचं, आपण सुई हातात घ्यायची नाही. पण कुपीवर शेळीचा नंबर घालणं, बर्फाचा डबा आणणं, नमुना वेळेत पोचतो का ते बघणं, हे आपल्या पोरांचं काम. मुरुडहून उदगीरचं पशुवैद्यक महाविद्यालय लातूरमार्गे नव्वदेक किलोमीटरवर आहे. पुण्यात औंधला राज्याचा रोग अन्वेषण विभाग आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या मानानं आपण प्रयोगशाळेच्या दारात राहतो.

तोवर घरात एवढं पाळा. गाभडलेल्या शेळीचा जार आणि मेलेलं करडू उघड्या हातानं उचलू नका. मोजे नसतील तर प्लास्टिकच्या पिशव्या हाताला बांधा. ते उकिरड्यावर न टाकता चुना टाकून खोल पुरा. गरोदर बाईला त्या गोठ्यात जाऊ देऊ नका. दूध उकळूनच प्या, कुणी कितीही सांगो की धारोष्ण दूध ताकदीचं असतं. आणि शेळ्यांच्या घरात महिनाभर ताप हटत नसेल तर डॉक्टरला स्वतःहून सांगा की आमच्याकडे शेळ्या गाभडल्यात, ब्रुसेलाची तपासणी करा. डॉक्टर आपणहून विचारणार नाही. हा रोग वेळेत ओळखला तर साध्या, मिळणाऱ्या औषधांनी बरा होतो, पण ती सलग सहा आठवडे घ्यावी लागतात, दोन दिवसांच्या सुयांनी नाही.

मावशीनं पोळ्यानंतर पुन्हा एक पाट घेतली. घेताना विकणाऱ्याला तिनं विचारलं म्हणे, हिचं रक्त बघितलंय का. बाजारातली माणसं हसली. पुढच्या महिन्यात आम्ही वस्तीतल्या बत्तीस शेळ्यांची यादी घेऊन जातोय. तुमच्या गावची यादी कुणी करत असेल तर कळवा. एकाच दिवशी गेलो तर बर्फाच्या डब्याचा आणि गाडीचा खर्च वाटून घेता येईल.

जय भीम.